नैनीतालचा बेत

नैनीतालचं नाव आमच्या घरात पहिल्यांदा काढलं ते इंदूआत्याने, आणि तेही स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन. दुपारचे दोन वाजले होते. ताई शाळेत, तिची मुलगी जुई शाळेत, अण्णा ओसरीवर तोंडावर पेपर घेऊन पडलेले. आत्या सकाळच्या एसटीने सांगलीहून आली होती आणि आल्यापासून तिच्या पोटात काहीतरी खदखदत होतं, ते मला कळत होतं.

"बघण्याचा कार्यक्रम नको, पोहे नकोत, काही नको," आत्या म्हणाली. "आपण सगळे मिळून सुट्टीला जायचं. ते लोकही येतील. एक गाडी, एक हॉटेल. तळ्याकाठी आठ दिवस राहिली माणसं की आपोआप बोलायला लागतात. कुंदाला कळायचं कारणच काय?"

"आणि कळलं तर?" आईने विचारलं.

"कळणार कुणाकडून?" आत्या म्हणाली, आणि दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर परगावचे कॉल जोडून देणारी ऑपरेटर होते. दिवसभर कानाला हेडफोन. कुणाचं लग्न मोडतंय, कुणाचा जावई रुसलाय, सगळं कानावर पडायचं आणि तिथेच विरून जायचं. त्यामुळे घरात माझी ख्याती अशी की मंजूच्या पोटात गेलं ते गेलं. त्या ख्यातीचा मला अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

माझी ताई, कुंदा, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. भावोजी गेले तेव्हा जुई अकरा महिन्यांची होती. ताई माहेरी आली, कन्याशाळेत गणित शिकवायला लागली, आणि आम्ही दोघी नि जुई माडीवरच्या खोलीत राहायला लागलो. तिचं सगळं मला ठाऊक असायचं. एकदा महिनाभर तिला शाळेतला एक सहकारी आवडला होता, तेसुद्धा. त्या माणसाचं नाव मी कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही.

तिला लग्नच करायचं नव्हतं अशातला भाग नव्हता. दोन वर्षांपूर्वी पुण्याची मंडळी आली होती बघायला. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाच्या आईने जुईच्या डोक्यावरून हात फिरवत हसत हसत विचारलं, ही आजोळीच राहील ना? जुई पाच वर्षांची होती, तिला सगळं कळलं. ताईने हातातला ट्रे जमिनीवर ठेवला, जुईला उचललं आणि माडीवर गेली. ती माणसं गेल्यावर खाली येऊन तिने एकदाच सांगितलं, यापुढे मला बघायला कुणी या घरात आलं, किंवा कुणी मला दाखवायला कुठे नेलं, तर मी जुईला घेऊन वेगळी खोली करीन. पुन्हा या घराची पायरी चढणार नाही. ताई बोलल्याप्रमाणे करते. त्या रात्री अंथरुणात तिने मला विचारलं होतं, "तू तरी असलं काही करणार नाहीस ना?" मी गळ्याला हात लावून शपथ घेतली होती.

आणि आता आत्या म्हणत होती, मंजूनेच सगळा बेत करायचा, कारण कुंदाचा विश्वास तिच्यावर.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण आत्याने त्या माणसाची माहिती सांगायला सुरुवात केली आणि मी ऐकत बसले. श्रीरंग चित्रे. सांगलीला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शिकवतात. बायको तीन वर्षांपूर्वी वारली, मूल नाही. "त्याने स्वतःहून विचारलं," आत्या म्हणाली, "मुलीचं नाव काय, कितवीत आहे." आईचे डोळे भरून आले. माझेही आले असतील. म्हटलं, एवढं चांगलं स्थळ ताईच्या हट्टापायी घालवायचं का? आठ दिवस काय ती थोडी लपवाछपवी करू, पुढे आयुष्यभर ती माझे आभार मानेल. सव्विसाव्या वर्षी अक्कल एवढीच असते.

त्या संध्याकाळी मी ताईजवळ सहज म्हणून विषय काढला. यंदा मे महिन्यात कुठेतरी लांब जाऊ या का, थंड हवेच्या ठिकाणी. मला वाटलं होतं ती नको म्हणेल. सहा वर्षांत ती महाबळेश्वरलाही गेली नव्हती. पण तिने जुईच्या वहीचं कव्हर घालता घालता वर पाहिलं आणि म्हणाली, "नैनीतालला तळं आहे ना गं? गावाच्या मधोमध?"

मी नाव घेतलंच नव्हतं, तिनेच घेतलं. आत्या नंतर म्हणाली, हा शुभशकुन. मला तसं काही वाटलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी जगले कशी ते माझं मला माहीत. ताईने या बेतात जीव ओतला. शाळेतून नकाशाचं पुस्तक आणलं. उत्तर प्रदेशच्या पर्यटन खात्याला स्वच्छ अक्षरात इंग्रजीत पत्र लिहून माहितीपुस्तिका मागवल्या. त्या आल्या त्या दिवशी जुईने त्यातल्या होड्या मोजल्या आणि ताईने तिला विचारलं, एका होडीत चार माणसं, तर सगळ्या होड्यांत किती? दोघी पोट धरून हसत होत्या. ताईला इतकं हसताना मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. ट्रंकेच्या तळाशी गेलेली तिची निळी साडी तिने बाहेर काढून उन्हात टाकली. आई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, बघ, देवाच्या मनात आहे. मला मात्र रात्री झोप येईना.

कारण खोटं एकदा बोलून भागत नाही. चित्र्यांच्या परीक्षा आठ मेपर्यंत, म्हणून आम्ही बाराच्या आधी निघू शकत नव्हतो. ताईला दोन तारखेला निघायचं होतं. मी सांगितलं, मला रजा नाही. ती म्हणाली, मी येऊन तुझ्या सुपरवायझरना भेटते, ओळखीच्या आहेत. मी म्हटलं, नको नको, त्या हल्ली फार चिडतात. त्या बिचाऱ्या बाई कधी कुणावर चिडल्या नव्हत्या. आठवड्याने त्या ताईला बाजारात भेटल्या तेव्हा ताईने त्यांना लिमलेटच्या गोळ्या देऊन तब्येतीची चौकशी केली. घरी येऊन मला म्हणाली, छान बोलल्या गं. मी मान खाली घालून तांदूळ निवडत राहिले.

मग हॉटेल. ताईने पुस्तिकेतून एक हॉटेल पसंत केलं होतं, टेकडीवरचं, ज्याच्या व्हरांड्यातून सगळं तळं दिसतं. पण चित्र्यांच्या आईला जिने चढवत नव्हते. आत्याने निरोप पाठवला, खालच्या रस्त्यावरचंच हॉटेल हवं, पायरी एकही नको. आता ताईला काय सांगणार? मी सांगून टाकलं, आईचे गुडघे दुखतात.

"आईचे?" ताई म्हणाली. "मला नाही बोलली ती."

"तुला काळजी नको म्हणून."

आईला मी मागच्या दारी गाठून सगळं समजावलं. आई भाबडी, तिने मान डोलावली आणि त्या दिवसापासून लंगडायला लागली. सकाळी उजव्या पायाने, संध्याकाळी डाव्या. अण्णांना या कटातलं फारसं काही सांगितलेलं नव्हतं, ते म्हणाले, हिला नक्की झालंय काय? पण ताईला संशय आला नाही. तिला आमचा संशय यायचं कारणच काय होतं? ती वैद्यांकडे जाऊन तेल घेऊन आली. रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर पदर खोचून, आईचे पाय मांडीवर घेऊन अर्धा अर्धा तास गुडघे चोळायची. आईचे गुडघे ठणठणीत. आई भिंतीकडे तोंड करून बसायची. ताई विचारायची, दुखतंय का गं, हळू करू? आणि आई पदराने डोळे टिपायची. चौथ्या दिवशी आई मला म्हणाली, "मंजू, मला हे पाप नको गं. सांगून टाक तिला."

मी म्हटलं, आता इतकं झालंय तर थोडं थांब. तिकिटं निघाली आहेत. पुण्याहून झेलम एक्स्प्रेस, एकाच डब्यात आमच्या सहा जागा, चित्र्यांच्या चार, त्यांची आई नि आणखी दोन नातेवाईक धरून. पुण्याच्या प्लॅटफॉर्मवर आत्या आश्चर्याने ओरडणार होती, अगंबाई, तुम्हीही दिल्लीलाच का? तिने त्याची तालीमसुद्धा केली होती, आमच्या न्हाणीघरात.

एप्रिलच्या शेवटी एक्स्चेंजमध्ये माझ्या नावाने सांगलीहून फोन आला. मी सुपरवायझरच्या टेबलापाशी जाऊन घेतला.

"मी श्रीरंग चित्रे बोलतोय," पलीकडचा माणूस म्हणाला. "तुम्हाला कामाच्या ठिकाणी त्रास देतोय, पण मला एकच विचारायचंय. तुमच्या ताईंना माहीत आहे ना मी येतोय ते? कशासाठी येतोय ते?"

दिवसभर लोकांची बोलणी जोडून देणारी मी, मला स्वतःला एक वाक्य जुळेना.

"तुमच्या आत्या म्हणतात, माहीत आहे. पण त्यांचं बोलणं जरा मोघम वाटलं. मला फसवून कुणाला भेटायचं नाही. त्यांची इच्छा नसेल तर मी आईला घेऊन दुसरीकडे जाईन, त्यात काही नाही."

किती सोपं करून दिलं होतं त्याने. मी नुसतं म्हणायचं होतं, नाही हो, माहीत नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे ती उन्हात टाकलेली निळी साडी आली. मी म्हटलं, "माहीत आहे तिला. तिची हरकत नाही."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि त्याचा सुस्कारा मला ऐकू आला. "जुईला काय आवडतं?"

"घोडे," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मी बोर्डावर येऊन बसले आणि पहिलाच कॉल कराडच्या ऐवजी कोरेगावला जोडला.

बारा मे, गुरुवार. निघायचा दिवस तो ठरला. बुधवारी दुपारी मी रजा टाकून घरी होते. आईच्या हातचं प्रवासाचं खाणं म्हणजे एक सोहळा असतो. स्टेशनवरचं काही खायचं नाही. दर माणशी, दर जेवणाची एक पुडी: चार तिखट-मिठाच्या पुऱ्या, सुकी चटणी, एक बेसनाचा लाडू, लिंबाच्या लोणच्याची फोड, वर कागद, वर दोरा. बसल्या जागी ज्याची त्याच्या हातात दिली की झालं. आत्या चटण्या भरत होती, मी दोरे बांधत होते, आणि ताई निळ्या साडीला फॉल लावून खाली आली. म्हणाली, द्या मी डब्यात रचते. तिने रचायला सुरुवात केली आणि रचता रचता ती मोजत होती. गणिताच्या बाईंना ती सवयच असते, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

"आई, सहा माणसं, तीन जेवणं. अठरा व्हायला हव्यात," ती म्हणाली. "या तीस आहेत."

आईने कढईवरून डोकं वर केलं नाही. आत्या म्हणाली, प्रवासात चार जास्तच असावं गं. ताई म्हणाली, हो, खरंय. आणि मी पुढचा दोरा बांधायला घेतला. आईचं काय चुकलं ते मला तेव्हाच कळलं. ओळखीची माणसं समोर बसलेली असताना आपण पुडी सोडून खायची, हे आईला मरण आलं तरी जमलं नसतं. तिने त्या चौघांचंही केलं होतं. आम्ही दोन महिने तारखा, जागा, हॉटेल, गुडघे सगळं सांभाळलं, आणि आईला पाहुण्यांना उपाशी ठेवू नको एवढं सांगायचं राहिलं.

ताईने आणखी दोन थर रचले. मग तिच्या हातात एक पुडी आली, तिला तांबडा दोरा होता, आईनेच आधी बांधून ठेवलेला. बाकी सगळ्यांना पांढरा. तिने ती उलटसुलट केली, नाकाशी धरली आणि सोडली. आत राजगिऱ्याचे दोन लाडू, तळलेला बटाट्याचा कीस, शेंगदाण्याची चटणी.

आमच्या घरात गुरुवारीसुद्धा सुकट शिजते. उपास हा आमच्याकडे थट्टेचा विषय. चित्र्यांच्या आई गुरुवार करतात, आणि तो शुक्रवारी सकाळीच सोडतात, हे आत्याने आईला कधीतरी ओघात सांगितलं होतं. आईने ते लक्षात ठेवलं.

"गुरुवार कोण करतं आपल्यात?" ताईने विचारलं.

कढईतली पुरी लाल होऊन करपली तरी आईने ती काढली नाही. ताईने आईकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मी करते म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, खरंच आलं होतं. एवढ्या खोट्यांत आणखी एक. पण तिचे डोळे बघून जीभ उचलेना.

"चित्र्यांच्या आई," मी म्हटलं.

"कोण चित्रे?"

मग आत्याने तोंड उघडलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं, तुझ्या भल्यासाठी, जुईच्या भल्यासाठी, किती चांगला माणूस आहे, वगैरे. ताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पुढे होऊन आईच्या हातातला झारा घेतला, गॅस बंद केला आणि विचारलं, "तुझे गुडघे?"

आई तिथेच पाटावर बसली आणि हमसाहमशी रडायला लागली. ताई माडीवर निघून गेली.

मी तिच्या मागोमाग गेले. ती ओरडेल, थोबाडीत मारेल, बॅग भरायला घेईल, सगळ्याची तयारी करून गेले होते. ती खिडकीशी बसली होती. खाली अंगणात जुई शेजारच्या मुलींना सांगत होती, आमच्या नैनीतालच्या तळ्याला डोळ्याचा आकार आहे.

"ताई," मी म्हटलं, "मला वाटलं, तू नाही म्हणशील."

"म्हटलंच असतं," ती म्हणाली. "पहिल्यांदा नाही म्हटलं असतं. दुसऱ्यांदा चिडले असते. दोन दिवस तुझ्याशी बोलले नसते. आणि मग आले असते, मंजू. तू सांगितलं असतंस तर मी आले असते."

ती म्हणाली, मला लग्नाचा राग नाही, बघायला येणाऱ्यांचाही नाही. मला न विचारता माझं ठरवतात त्याचा आहे. ते बाहेरच्यांनी केलं तेव्हा मी सोसलं, कारण घरात तू होतीस.

तेव्हा मी रडले. मुसमुसून रडले. तिने मला जवळ घेतलं नाही, तशी दूरही सारली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्यांना काय सांगितलंय? त्या चित्र्यांना."

"तुला सगळं माहीत आहे असं."

"त्यांनी विचारलं होतं?"

"हो. फोन करून. तुझी इच्छा नसेल तर येणार नाही म्हणाले."

ताईने खाली अंगणात जुईकडे पाहिलं. मग एकदम हसली, पण त्या हसण्याने मला धीर आला नाही. "म्हणजे त्यालाही," ती म्हणाली. "तो बिचारा उद्या पुण्याच्या प्लॅटफॉर्मवर येणार, मी त्याला भेटायला आनंदाने निघालेय असं समजून."

"मी आत्ता फोन करते, सांगते त्यांना, येऊ नका म्हणून."

"नको," ताई म्हणाली. "तू आता काही सांगू नकोस कुणाला. मी सांगेन. त्याला खरं सांगणारं एक माणूस तरी भेटू दे. तिकीट कुठाय?"

संध्याकाळी तिने खाली येऊन जाहीर केलं की ती आणि जुई जाणार, बाकी कुणी नाही. आत्याने आकांत मांडला, लोक काय म्हणतील, परक्या माणसांबरोबर एकटी बाई, हे शोभतं का. अण्णांनी तोवर सगळं ऐकलं होतं. ते एवढंच म्हणाले, "जाऊ दे तिला. तुम्ही तिघींनी पुरेसं केलंय." आणि आईने पुड्यांचा डबा पुढे केला तेव्हा ताईने मोजून दोघींच्या सहा पुड्या घेतल्या. जिन्यापर्यंत गेली, परत आली आणि ती तांबड्या दोऱ्याची पुडी उचलली. "त्या म्हाताऱ्या बाईंनी काय कुणाचं वाईट केलंय?" ती म्हणाली.

सकाळी रिक्षात बॅग मी ठेवायला गेले तर ती म्हणाली, असू दे, मी ठेवते. नेहमीच्या आवाजात म्हणाली. शेजारणीला वाटलं असेल, किती समजूतदार बहिणी. जुई मला पापी देऊन विचारत होती, मावशी, तू का नाही येत? मी सांगितलं, रजा नाही मिळाली. दोन महिन्यांपूर्वीचंच खोटं होतं, तेच पुन्हा वापरलं.

नंतरचे दिवस मी बोर्डावर बसून काढले. दिल्ली-नैनीतालकडून कॉल आला की मी आधी आवाज ओळखायला बघायचे. त्याने प्लॅटफॉर्मवरूनच पाठ फिरवली असेल तर? हिने त्याच्या आईसमोरच काही तोडून टाकलं असेल तर? दोघी त्या परक्या गावात कुठे उतरल्या असतील? आई देवापुढे बसून होती. लंगडणं सोडल्यामुळे की काय, ती एकदम म्हातारी दिसायला लागली होती.

सहाव्या दिवशी दुपारी पुण्याच्या ऑपरेटरने सांगितलं, नैनीतालचा कॉल आहे, सातारा दोनशे अठरा, पी. पी., पोतनीस. पी. पी. म्हणजे ठरावीक माणसाला बोलावून द्यायचा कॉल, पोतनीस म्हणजे आम्ही, आणि दोनशे अठरा म्हणजे आमच्या शेजारचे वकील, त्यांच्याकडे आमचे निरोप यायचे. लाइनवर खरखर होती आणि तिच्यातून ताईचा आवाज आला.

"हॅलो, सातारा का?"

"ताई," मी म्हटलं. "ताई, मी मंजू. कशी आहेस? जुई कशी आहे?"

मध्ये खरखर झाली. तिला ऐकू गेलं होतं. ताईच्या श्वासावरून मला कळतं.

"ऑपरेटर," ती म्हणाली, "दोनशे अठरा लावून द्या, प्लीज."

मी लावून दिला. वकिलांच्या घरी रिंग गेली, आईला हाका मारल्याचं ऐकू आलं. बोर्डावरची ऐकायची चावी पुढे ठेवली असती तर सगळं ऐकता आलं असतं. इतरांचं ऐकलंच होतं की इतकी वर्षं. मी चावी मागे घेतली, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि तीन मिनिटं घड्याळाकडे बघत बसले.

येताना सगळे एकत्रच आले. चित्रे स्वतः साताऱ्यापर्यंत पोचवायला आले, अण्णांना नमस्कार केला, आईच्या हातचा चहा घेतला आणि गेले. मला त्यांनी, कशा आहात, असं नीट विचारलं. जुई चार दिवस घोड्यांखेरीज दुसरं बोलत नव्हती. मी ताईला विचारलं, काय झालं गं, काय बोललीस तू? ती बॅगेतले स्वेटर काढत म्हणाली, "थंडी होती बरीच."

त्याच वर्षी दिवाळीनंतर त्यांनी रजिस्टर पद्धतीने लग्न केलं. ठरल्याचं मला आईकडून कळलं, भाजी निवडताना, आणि आईला वाटलं होतं की मला आधीच माहीत असणार. जुई सांगलीला गेली, त्यांना बाबा म्हणायला लागली. पुढे ती इंजिनिअर झाली. या भावोजींसारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आत्या शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची, हे लग्न माझ्या नैनीतालने जमवलं, आणि ते खोटं नव्हतं. भावोजी तर हसत हसत सांगतात, गाडी सुटली आणि ही समोर येऊन म्हणाली, नमस्कार, मी कुंदा, तुम्हाला आणि मला दोघांनाही फसवलंय, तर आता उपासाचा लाडू खाणार का? तिथेच आमचं जमलं, असं ते म्हणतात. सगळे हसतात. मीही हसते.

ताई माझ्याशी कधी भांडली नाही. सणाला बोलावते, माझ्या मुलांच्या परीक्षा लक्षात ठेवते, माझ्या ऑपरेशनच्या वेळी तीन आठवडे येऊन राहिली. पण जुईचं लग्न ठरल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. ताईच्या छातीतली गाठ मला काढून झाल्यावर कळली, साधीच निघाली हे कळल्यानंतर. मी म्हटलं, अगं, आधी सांगायचं ना. ती म्हणाली, तुला उगाच काळजी.

गेल्या वर्षी सांगलीला गेले होते. भावोजी बाहेर गेलेले, आम्ही दोघीच. दोघींची साठी कधीच उलटलेली. मी धीर करून विचारून टाकलं, "ताई, तुला अजून राग आहे का गं माझा? त्या वेळचा?"

ती खरोखरच विचारात पडली. मग म्हणाली, "राग नाही गं. तेव्हाही फार दिवस नव्हता. आणि तू केलंस त्यातून माझं चांगलंच झालं, ते मी कशाला नाकारू?"

मला इतकं हलकं वाटलं. मी तिचा हात धरला.

"फक्त एवढंच," ती म्हणाली, "तुला काही सांगायचं झालं की आता मी आधी विचार करते. पूर्वी करत नव्हते."

हात तिने तसाच माझ्या हातात राहू दिला.